अडीच वर्षांत तिसरी बॅटरी: हरिपूरच्या एका मोटारसायकलचं प्रकरण

मामांनी फोन गाडीपाशी धरला आणि म्हणाले, "ऐक."

टक्. टक्. टकटकटक.

सेल्फचं बटण दाबलं की रिले नुसता टकटकतो आणि इंजिन जागचं हलत नाही. हा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. "आरं, परत गेली बघ. सव्वा वर्ष झालंय घालून," मामा म्हणाले आणि दुकानदाराचा उद्धार सुरू झाला. त्यांना माझ्याकडून एवढंच हवं होतं, की आता कुठल्या कंपनीची घालू ते सांग. मी म्हटलं, रविवारपर्यंत बॅटरी घेऊ नका. ते रागावले, कारण रविवारपर्यंत किक मारावी लागणार होती आणि त्यांचा गुडघा दुखतो.

गाडी २०१३ ची, १५० सीसी, कार्ब्युरेटरची, सेल्फ आणि किक दोन्ही असलेली. मामा हळदीच्या अडतीत दिवाणजी आहेत. सकाळी हरिपुरातून निघायचं, सांगलीच्या मार्केट यार्डात जायचं, मग दिवसभर या अडतीतून त्या अडतीत, गोदाम, बँक, चहा, परत गोदाम. एक दिवस मी त्यांना खिशातल्या डायरीत रेघा मारायला सांगितल्या. दिवसाला बावीस वेळा सेल्फ. त्यातल्या बऱ्याच खेपा अर्धा किलोमीटरही नव्हत्या. बॅटरीच्या दृष्टीनं याहून वाईट नोकरी नाही. मी कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. तिथल्या फोर्कलिफ्टची बॅटरीसुद्धा एवढी छळली जात नाही.

आता आधीचा इतिहास. कंपनीतून आलेली बॅटरी २०१९ च्या पुरात गेली. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि तिथली धोक्याची पातळी आहे ४५. गाडी चार-पाच दिवस पाण्यात होती. पूर ओसरल्यावर इंजिन खोललं, ऑइल दोनदा बदललं, कार्ब्युरेटर धुतला, नवी बॅटरी घातली. वायरिंग मात्र नुसतं उन्हात वाळवलं. ती बॅटरी जवळजवळ तीन वर्षं टिकली. जुलै २०२२ मध्ये पुढची घातली, साधी ॲसिडवाली. ती पंधरा महिन्यांत गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'ही सीलबंद आहे, बघायलाच नको' म्हणून दुसरी घेतली. तीही जानेवारी २०२५ मध्ये टकटकायला लागली. दोन वेगळे प्रकार, दोन वेगळ्या कंपन्या, आणि आयुष्य दोघींचं सारखंच. मला खटकलं ते हे. बॅटरी खराब लागते, नाही असं नाही. पण दोघी एकाच वयात मेल्या तर आधी घर तपासावं.

वॉरंटीचं काय, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं. बिल मामांच्या चष्म्याच्या डबीत होतं, पण वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का नव्हता, विक्रीची तारीखही नव्हती. दुकानदारानं हात वर केले. तेव्हा राग आला. आता वाटतं, बदलून मिळाली असती तर तीसुद्धा त्याच वायरिंगला बांधली असती आणि पुढच्या वर्षी परत हाच फोन आला असता.

रविवारी सकाळी मल्टिमीटर, डीसी क्लॅम्पमीटर (वायरीला चिमट्यासारखा लावून करंट मोजतो तो), पॉलिश पेपर, वायर, लग्ज (वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कड्या) आणि माझ्या गाडीतून काढलेली चांगली बॅटरी घेऊन हरिपूरला गेलो. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. मेलेली बॅटरी जोडून चार्जिंग तपासलं तर आकडे फसवतात. आधी ठणठणीत बॅटरी लावायची आणि मग गाडीला प्रश्न विचारायचे.

पण सुरुवात मामांच्या बॅटरीपासूनच केली. ती रात्रभर चार्जरवर होती. सकाळी चार्जर काढून दोन तास तशीच ठेवली, मग मीटर लावला. १२.५ व्होल्ट. मामा खूश. "बघ, चांगली हाय की." लेड-ॲसिड बॅटरीत सहा घरं असतात आणि प्रत्येक घर भरलेलं असताना साधारण २.१ व्होल्ट देतं, म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. त्या हिशोबानं १२.५ वाईट नाही. मग मी मामांना सेल्फ दाबायला सांगितलं आणि मीटरवर नजर ठेवली. आकडा सरळ ७.८ वर आला. चांगली बॅटरी सेल्फच्या भारातही १० च्या आसपास तग धरते.

मामांना मी विहिरीचं उदाहरण दिलं. वरून पाणी दिसतंय, पण तळाला गाळ भरलाय. मोटर चालू केली की पाच मिनिटांत फुटव्हॉल्व्ह उघडा. बॅटरी वारंवार अर्धवट रिकामी राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचा कडक थर बसतो आणि तो मग चार्ज करूनही उतरत नाही. व्होल्टेज दिसतं, साठा नसतो. नुसता मीटर लावून "बॅटरी ओके" म्हणणाऱ्यांनी आमच्या कंपनीतही बरेच घोळ घातलेत.

मग माझी बॅटरी लावली. गाडी सुरू, हेडलाइट चालू, हॅण्डलच्या ॲक्सिलरेटरवर मामा. साधारण चार हजार आरपीएमला बॅटरीच्या टर्मिनलवर १३.१. तिथं निदान १३.५ ते १४.५ हवं. आता अंगवळणी पडलेलं उत्तर असं, की रेक्टिफायर (इंजिनावर तयार होणारी वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा भाग) गेला, बदला. यार्डाजवळच्या मेस्त्रींनी आदल्या आठवड्यात तेच सांगितलं होतं. पण रेक्टिफायरच्या लाल वायरवर, त्याच्या बॉडीला काळी प्रोब लावून मोजलं तर १४.२. म्हणजे तो बिचारा बरोबर देत होता. १.१ व्होल्ट वाटेत कुठंतरी सांडत होते.

सांडणारं व्होल्टेज शोधायची युक्ती सोपी आहे आणि तिला खर्च नाही. गाडी चालू ठेवायची आणि एकाच वायरच्या दोन टोकांना मीटरच्या दोन प्रोब लावायच्या. वायर चांगली असेल तर आकडा जवळजवळ शून्य येतो. रेक्टिफायरच्या लाल वायरपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत आले ०.३. हे थोडं जास्त, फ्यूजच्या घरातल्या पट्ट्या काळवंडल्या होत्या. बॅटरीच्या मायनसपासून रेक्टिफायरच्या बॉडीपर्यंत आले ०.८. इथं खरा चोर होता.

सीट काढली, बॅटरीचा डबा बाहेर घेतला. मायनसची वायर चासीला जिथं बोल्टनं धरलेली असते तिथं दहाच्या पान्यानं बोल्ट फिरवला तर तो फिरण्याआधी करकरला. लग निघाला तो खालून हिरवट पांढरा, वर गंज, आणि चासीवर लगच्या आकाराचा तपकिरी गोल उमटलेला. वायरचं रबर दोन इंच कापलं तर आतली तांब्याची तार काळी. पूर आतपर्यंत चढून बसला होता, पाच वर्षं. २०१९ नंतरची पहिली बॅटरी तीन वर्षं टिकली, कारण तेव्हा हा गंज कोवळा होता. पुढच्या दोघींच्या नशिबी पिकलेला आला.

मामा बराच वेळ त्या लगकडं बघत होते. म्हणाले, "एवढ्याशा नटानं तीन हजार खाल्लं माझं."

अजून एक तपासणी राहिली होती. चावी बंद, मीटर मिलिअँपिअरवर आणि मायनसच्या वायरीत मालिकेत. (हे करताना चुकूनही सेल्फ दाबू नका. मी एकदा दाबलाय, मीटरचा फ्यूज चाळीस रुपयांना येतो आणि रविवारी मिळत नाही.) ९ मिलिअँपिअर. चावी काढलेली असताना २०१३ च्या या साध्या गाडीनं जवळपास काहीच ओढायला नको. कारण दिसतच होतं. हॅण्डलला लावलेला मोबाइल चार्जर, निळा दिवा आणि व्होल्टचा आकडा दाखवणारा, थेट बॅटरीला जोडलेला. रात्रंदिवस जागा.

आता हिशोब मांडला. क्लॅम्पमीटरवर सेल्फ सुरुवातीला ८० अँपिअर उडी मारतो आणि मग खाली येतो. सरासरी ५० धरू, प्रत्येक वेळी दोन सेकंद. बावीस वेळा म्हणजे २,२०० अँपिअर-सेकंद, भागिले ३,६००, म्हणजे ०.६ अँपिअर-तास (बॅटरीत किती मावतं आणि किती गेलं ते याच मापात मोजतात). मोबाइल चार्जरचे ९ मिलिअँपिअर गुणिले २४ तास, ०.२२. दोन्ही मिळून रोज ०.८ च्या वर. नऊ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून रोज जवळजवळ अकरावा हिस्सा जातो, आणि तो परत भरायला अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरच्या खेपा आणि १३.१ व्होल्ट. महिन्याच्या पगारात भागत नसलेल्या घरासारखी अवस्था, उधारी वाढतच जाते. रविवारी गाडी उभी, तरी निळा दिवा खातोच आहे.

दुरुस्ती अशी केली. बोल्टची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासली. मायनसपासून थेट इंजिनच्या बॉडीला चार स्क्वेअर एमएमची नवी वायर टाकली, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग. फ्यूजचं घर बदललं. मोबाइल चार्जर चावीनंतरच्या लाइनवर घेतला. जोडांवर पेट्रोलियम जेली. सगळं मिळून २०० रुपयांच्या आत. परत मोजलं तर चार हजार आरपीएमला बॅटरीवर १४.१, चावी काढल्यावर मीटर शून्यापाशी. मग मामांना म्हटलं, चला, आता बॅटरी घेऊ.

खरं तर हा लेख बॅटरीच्या निवडीचा आहे आणि अर्धा लेख वायरीतच गेला. पण प्रकरणही तसंच घडलं.

निवडीत पहिली अडचण आली ती मामांच्या मित्राची. त्याची बुलेट आहे. त्याचं म्हणणं, बुलेटची १४ अँपिअर-तासांची घाला, पाच वर्षं बघायला नको. मोठी बॅटरी मोठा दम, हा समज आपल्याकडं पक्का आहे. मामांच्या गाडीतली २०२२ ची साधी बॅटरी '१२एन९-४बी-१' या जातीची. पहिले १२ म्हणजे व्होल्ट, एन म्हणजे साधी जात, ९ म्हणजे अँपिअर-तास, पुढची अक्षरं टर्मिनल आणि नळीची जागा सांगतात. तिची लांबी १३७, रुंदी ७६, उंची १४० मिलिमीटर. बुलेटची १४ वाली रुंदीला ८९ आणि उंचीला १६६. डब्यात बसतच नाही, वाद संपला. बसली असती तरी मामांच्या दुखण्यावर तो इलाज नव्हता, कारण रोज ०.८ जातं आणि ०.५ परत येतं अशा ठिकाणी टाकी मोठी केली तर ती रिकामी व्हायला थोडे दिवस जास्त लागतात, एवढंच.

उलट टोकाचा सल्ला एका दुकानात मिळाला. स्कूटरला येते तसली ५ अँपिअर-तासांची घ्या, बाजूला थर्माकोल ठोकून देतो, पाचशे वाचतील. दिवसाला दोनदा सेल्फ मारणाऱ्याला चाललीही असती. बावीस वेळा मारणाऱ्याला नाही. शिवाय थर्माकोल पावसात भिजून डब्यात चिखल होतो, ते मी पाहिलंय.

लिथियमचं मामांच्या मुलानं काढलं. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी वजनाला तिसरा हिस्सा, सेल्फला जोरदार. पण किंमत कित्येक पट, आणि तिला चार्जिंगचं व्होल्टेज १४.६ च्या वर गेलेलं खपत नाही. बारा वर्षांच्या आणि पुरातून निघालेल्या रेक्टिफायरच्या भरवशावर मी ती लावणार नाही. वजन वाचवून मामांना कुठं रेस लावायचीय.

म्हणजे उरल्या दोन, दोन्ही ९ अँपिअर-तासांच्या, त्याच मापाच्या. एक साधी ॲसिडवाली, सांगितलेली किंमत १,३५०. दुसरी सीलबंद, मेंटेनन्स-फ्री, १,८००. इथं माझं आणि मेस्त्रींचं जुंपलं, आणि मेस्त्रींचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ते म्हणाले, साध्या बॅटरीचं झाकण काढून हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) घातला की सहाही घरांची तब्येत कळते. भरलेल्या घरात १.२६ ते १.२८ आलं पाहिजे, एखादं घर १.१५ ला असेल तर तेच आजारी. सीलबंद म्हणजे बंद मूठ. शिवाय रेक्टिफायर कधी बिघडून १५ च्या वर द्यायला लागला तर साधीत पाणी उकळतं आणि आपण पाणी घालतो, सीलबंदमध्ये उडालेलं पाणी परत घालताच येत नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीत साधी बॅटरी आहे, याच कारणांसाठी. तरी मामांना मी सीलबंद घ्यायला लावली. मामा डिस्टिल्ड वॉटर घालणार नाहीत, हे त्यांना, मामीला आणि मलाही माहीत आहे. २०२२ च्या बॅटरीची झाकणं मी उघडून बघितली तेव्हा चार घरांत प्लेटांचे शेंडे उघडे पडले होते. दुसरं, तिची वाफ बाहेर सोडणारी नळी कुणीतरी डब्याखाली दाबून टाकली होती आणि चेनच्या कव्हरवर ॲसिडचे पांढरे डाग होते. तिसरं, ती बॅटरी दुकानात कोरडी आली होती, समोर ॲसिड भरलं आणि वीस मिनिटांत हातात दिली. कोरड्या बॅटरीत ॲसिड भरल्यावर अर्धा तास थांबून तिला पहिलं सावकाश चार्जिंग द्यायचं असतं, क्षमतेच्या दहाव्या भागानं, म्हणजे नऊच्या बॅटरीला ०.९ अँपिअरनं, काही तास. गिऱ्हाईक उभं असतं, दुकानदाराला घाई असते, आणि बॅटरी अर्धवट भरलेलीच संसाराला लागते. साधी बॅटरी चांगली, पण ती कुणाच्या हाती पडते यावर तिचं चांगलेपण ठरतं.

सीलबंदमध्ये एकच गोष्ट मी हट्टानं बघितली, छापलेली तारीख. मामांची २०२३ ची बॅटरी बनल्यानंतर नऊ महिन्यांनी विकली गेली होती, हे तिच्या कोडवरून नंतर कळलं. रॅकवर पडलेली बॅटरीही उतरत असते, उन्हाळ्यात जास्त. पहिल्या दुकानात सात महिन्यांची दाखवली, "सीलबंद आहे, काय होतंय?" म्हणाले. आम्ही निघालो. तिसऱ्या दुकानात दीड महिन्याची मिळाली. काउंटरवरच मीटर लावला, १२.७. दुकानदाराला राग आला नाही, उलट त्यानं दुसरीही काढून दाखवली, ती १२.५ होती. पहिली घेतली. प्लस डाव्या हाताला आहे ना, हेही जुनी शेजारी ठेवून बघितलं. त्याच मापाच्या दुसऱ्या जातीत प्लस उजवीकडं येतो आणि मग वायर ओढून, वाकवून बसवतात. तसली वायर एक दिवस डब्याच्या पत्र्याला घासते.

जुनीचे २५० वजा झाले. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत गोळा करून नोंदणी असलेल्या रिसायकलरकडं पोचवायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आत शिसं आणि ॲसिड असतं, आणि कृष्णेत आधीच काय कमी जातंय. वॉरंटी कार्ड यावेळी मामांनी स्वतः भरून घेतलं: नंबर, तारीख, शिक्का. ४८ महिने, पहिले २४ पूर्ण बदली, पुढचे २४ हिश्शानं. कार्डाचा फोटो मामीच्या मोबाइलमध्ये.

घरी आल्यावर लगेच बसवली नाही. रात्रभर हळू चार्जरवर ठेवली, सकाळी १२.८. बसवताना आधी प्लस, मग मायनस. काढताना उलट, आधी मायनस, म्हणजे पाना चासीला लागला तरी ठिणगी उडत नाही. सेल्फ दाबला, आकडा १०.६ वर गेला आणि इंजिन एका दमात लागलं.

आता आठ महिने झाले. पावसाळ्यात सांगलीत लोक एकमेकांना विचारतात ना, "पाणी किती झालं?" आणि समोरचा फुटांतच उत्तर देतो, तसं मामांचं झालंय. हॅण्डलवरच्या त्या निळ्या आकड्याचा उपयोग आत्ता होतोय. यार्डात निघताना बघतात आणि रविवारी फोनवर सांगतात, "बारा पॉइंट सहा." एकदा १२.३ झालं होतं, लग्नाच्या गडबडीत गाडी नऊ दिवस उभी होती. मी चार्जर देऊन आलो.

जुलैत पहिल्या जोराच्या पावसानंतर तो मायनसच्या वायरचा बोल्ट उघडून बघितला. कोरडा होता, जेली तशीच. दहाचा पाना मात्र मामांनी परत दिला नाही. तो त्यांच्या साइड बॅगेत, हळदीच्या नमुन्याच्या पुड्यांबरोबर असतो आणि पिवळा झालाय.